तिसरी किल्ली

मा. संपादक यांस,

महोदय,

जून तोंडावर आला की नागपुरात टेम्पोवर गाद्या, कूलरची स्टँडं आणि पुस्तकांची खोकी दिसू लागतात. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून शिकायला आलेली मुलं, मिहानमध्ये नोकरी लागलेली जोडपी, एम्समध्ये रुजू झालेल्या परिचारिका, सगळे त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, बेसा, बेलतरोडी पालथं घालतात आणि कुठंतरी किरायाने घर घेतात. करारनाम्यात किराया, डिपॉझिट, दरवर्षीची वाढ, मेंटेनन्स, रंगरंगोटी सगळं लिहिलेलं असतं. दाराच्या किल्ल्या एकूण किती आणि त्यातल्या मालकाकडे किती राहणार, हे मात्र क्वचितच सापडतं. नव्या नाइट लॅचसोबत बहुधा तीन किल्ल्या येतात. दोन किरायेदाराच्या हातात पडतात. तिसरी खालच्या मजल्यावर, टीव्हीजवळच्या वाटीत पडून असते. पुढची बरीचशी भांडणं त्या वाटीतून निघतात.

मालकाची बाजू ठरलेली: घर माझं, गॅलरीतला नळ बघायला गेलो तर बिघडलं काय? किरायेदार गप्प बसतो, कारण डिपॉझिट अडकलेलं असतं आणि अकरा महिन्यांनी करार वाढवून घ्यायचा असतो. याचं उत्तर कायद्यात दोन-तीन ओळींत दिलेलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे; पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. हे कलम भाडेकरूला लागू आहे, तसंच लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही. ‘तुम्ही कुठे टेनंट, तुम्ही तर लायसन्सी’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ऑनलाइन नोंदणीच्या नेहमीच्या मसुद्यातही पाहणीचं कलम असतं आणि त्यात ‘वाजवी सूचना’ हे शब्द असतात. अंगठा लावायच्या घाईत ते पान कुणी वाचत नाही, इतकंच.

वाजवी म्हणजे किती, हे १९९९ चा कायदा तासांत सांगत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ते माप आहे: किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना, त्यात कारण, तारीख आणि वेळ, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, पूर, आग, भूकंप अशा आपत्तीचा अपवाद. हा कायदा म्हणजे नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण त्यातले २४ तास उचलून आपल्या करारात लिहायला कुणाचीच हरकत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी पुरे’ असं दलाल सर्रास सांगतात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नागपूर शहरात नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. म्हणजे हजार रुपये वाचवणाऱ्या मालकाने ‘किल्ली ठेवायचं ठरलं होतं’ असं नंतर म्हटलं, तर ते पटवून देण्याची मेहनत त्याचीच.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मागे कुणी घरात येतं का, हे ओळखायचं कसं?

आधी मालकावरचा संशय बाजूला ठेवून किल्ल्यांची मोजणी करावी. मागच्या किरायेदाराने त्याच्या किल्ल्या परत केल्या का, दलालाने घर दाखवताना वापरलेली कुठे गेली, कामवालीकडे आहे का, रंगाऱ्याला दिलेली परत आली का. जुनंच लॅच वर्षानुवर्षं दारावर असेल तर त्याच्या किती नकला गावभर आहेत हे मालकालाही सांगता येणार नाही. किल्लीशिवायचा रस्ताही पाहावा, आणि नागपुरात तो बहुधा कूलरचा असतो. खिडकीला कूलर बसवला की ती खिडकी चार महिने उघडी राहते, आजूबाजूची फट पुठ्ठ्याने नाहीतर थर्माकोलने बुजवलेली असते. गॅलरी जिन्याला किंवा मालकाच्या गच्चीला लागून असेल तर कूलर स्टँडवर हातभर मागे ओढला की माणूस आत. म्हणून गावाला जाताना पुठ्ठ्याच्या कडेला चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने आडवी रेघ मारावी, अर्धी पट्टीवर, अर्धी पुठ्ठ्यावर. पट्टी काढून पुन्हा चिकटवली तर रेघ जुळत नाही.

दारासाठी कागदाची पट्टी हा जुना उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे. दोन सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद. ती कुलपाच्या बाजूला लावू नये. दार उघडणाऱ्याची नजर तिथेच असते, पडली तर तो उचलून परत खोचतो. बिजागरीच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर खोचावी. मात्र तिच्यावर लगेच विश्वास टाकू नये. चार-पाच दिवस रोज जाता-येता पाहावं. झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्याने ती एकदा जरी आपोआप पडली, तर जागा बदलावी. चाचणी न करता लावलेल्या खुणेने माणूस विनाकारण झोप घालवून बसतो.

वैशाखात आपल्याकडची धूळही कामाची. दोन-तीन दिवस घर बंद राहिलं की फरशीवर पिठासारखा थर बसतो. परत आल्यावर दिवा लावायच्या आधी, उंबऱ्यातूनच मोबाइलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. उभ्या उजेडात जे काहीच दिसत नाही ते आडव्या उजेडात स्वच्छ दिसतं: चपलेची नक्षी, कपाटापर्यंत गेलेली पावलं, ओढलेल्या खुर्चीच्या रेघा. शेजारी मोजपट्टी नाहीतर पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढावा, म्हणजे पावलाचं माप कळतं. पावसाळ्यात हा उपाय बाद. दमट हवेत थर बसत नाही. पाहुणे मांजर, पाल आणि उंदीर यांनाही हिशेबात धरावं. ड्रॉवर, कपाट, टेबल यांचे जाण्यापूर्वीचे फोटो त्याच जागी उभं राहून, त्याच उंचीवरून काढले तरच नंतर तुलना करता येते. वेगळ्या कोनातून काढलेल्या दोन फोटोंत सगळंच हललेलं वाटतं.

विजेचं मीटर हा साक्षीदार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गावाला जाताना मीटरवरच्या युनिटच्या आकड्याचा फोटो घ्यावा. घरात फक्त फ्रिज चालू असेल तर उन्हाळ्यात दिवसाला साधारण एक युनिट, फार तर दीड. चार दिवसांत चार ते सहा युनिट जाणं ठीक. आकडा पंधरावर गेला असेल तर विचारायला हवं: दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. पण थांबा. वीज गेली-आली की इन्व्हर्टर चार्जिंगला खेचतो. आणि दुमजली घरांत एक नेहमीची गोम असते: मालकाच्या बोअरची मोटर किंवा जिन्यातला दिवा किरायेदाराच्या मीटरवर जोडलेला असतो. आपले सगळे एमसीबी पाडून मीटरवरचा लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत असेल तर कुणाचा तरी भार आपल्या मीटरवर आहे. असं निघालं तर घरात कुणी आलं नव्हतं, बिल मात्र दुसऱ्याचं भरलं जात होतं. भांडण तेच नसलं तरी भांडण आहेच.

एवढ्या खुणांवरून कुणीतरी येऊन गेलं असं वाटतं, कोण ते कळत नाही. त्यासाठी कॅमेरा. घराच्या आत, दाराकडे तोंड करून, आपल्याच ताब्यातल्या जागेचं चित्रण करणारा वायफाय कॅमेरा लावायला परवानगी लागत नाही. तो खिडकीकडे तोंड करून ठेवू नये. दिवसा मागच्या उजेडाने चेहरा काळा पडतो आणि रात्री इन्फ्रारेड काचेवर आपटून पांढरा धुरळा दिसतो. ६४ जीबीचं कार्ड सतत चित्रणात, दर सेकंदाला एक मेगाबिट धरला तरी, सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसू लागतं. म्हणजे दिवाळीला दहा दिवस गावी गेलेल्याच्या हाती पहिले चार दिवस लागतच नाहीत. म्हणून हालचाल टिपणारी सेटिंग वापरावी. पण पंखा किंवा हलता पडदा चौकटीत असला की दिवसाला दोनशे सूचना येतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस त्या बघणंच सोडतो. पडदा बांधून ठेवावा. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याजवळ किडे येतात, किड्यांमागे पाल येते, हेही ठरलेलंच.

कॅमेऱ्याची खरी कमजोरी वीज. मीटरपेटी जिन्याखाली असेल तर मेन स्विच पाडून वर येणं कुणालाही जमतं. राउटर आणि कॅमेरा दोन्ही छोट्या यूपीएसवर असावेत. राउटरसाठी बहुधा १२ व्होल्टचा लागतो, ॲडॉप्टरवर पाहून घ्यावं. चित्रणाची प्रत क्लाउडवरही जाऊ द्यावी, नाहीतर येणारा कॅमेराच उचलून नेतो. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून महिनोन्‌महिने चार्जरला लावून बंद घरात ठेवू नये. पंचेचाळीस अंशांत त्याची बॅटरी फुगते. कॅमेरा नको असेल तर दाराला चुंबकाचा सेन्सर मिळतो. दोन तुकड्यांत सेंटिमीटरभरापेक्षा जास्त फट नको, आणि लोखंडी जाळीच्या दारावर तो थेट चिकटवला की लोखंड चुंबकाचा जोर खातं. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची चकती द्यावी. दुहेरी टेप उन्हाळ्यात सुटते, हेही लक्षात असू द्यावं. बाहेर जिन्याकडे किंवा शेजाऱ्याच्या दाराकडे कॅमेरा रोखू नये. त्यातून तक्रार आपल्यावरच येते.

पण शोधत बसण्यापेक्षा रोखणं सोपं, आणि तिथे कुलपाचा विषय येतो. बहुतेक फ्लॅटना बाहेर जाळीचं दार असतं आणि त्याला अल्ड्रॉप. त्यात आपलं स्वतःचं सात लिव्हरचं कुलूप लावलं की मूळ दाराला हात न लावता काम होतं. दाराला आत बसवलेलं मॉर्टिस लॉक असेल तर फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलता येतो. दार उघडं ठेवून त्याच्या कडेला, सिलिंडरच्या समोर असलेला लांब स्क्रू काढायचा, किल्ली घालून थोडीशी, दहा-पंधरा अंश, फिरवायची म्हणजे मधली जीभ सरळ रेषेत येते, आणि सिलिंडर ओढून बाहेर घ्यायचा. किल्ली न फिरवता ओढाओढ केली तर तो हलतच नाही, आणि मग लोक हातोडी घेतात. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं माप घ्यावं. तीस-तीस म्हणजे ६०, पस्तीस-पस्तीस म्हणजे ७० मिलिमीटर. दोन्ही बाजू सारख्याच असतील असं नाही. जुना सिलिंडर सोबत नेला तर इतवारीतला हार्डवेअरवाला न विचारता जोड काढून देतो. बाहेरच्या बाजूला तो तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आला तर पक्कडीत धरून मोडता येतो, म्हणून लांब घेऊ नये. जुना सिलिंडर किल्ल्यांसह पाकिटात जपून ठेवावा आणि घर सोडताना परत बसवावा.

हे करण्याआधी करार वाचावा. कायमस्वरूपी बदल करू नयेत असं कलम असतंच. परत बसवता येणारा सिलिंडर त्यात मोडत नाही असं आमचं मत आहे, तरी मालकाला कळवूनच बदलावा. मालक एक किल्ली ठेवेल असं करारात स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र परस्पर कुलूप बदलणं हा आपल्याकडूनच अटभंग. तेव्हा हातात उरतं ते आतलं टॉवर बोल्ट. घरात असताना ते लावलेलंच असावं, एकटीने राहणाऱ्या मुलींनी तर भरदुपारीसुद्धा.

कुणी आलं होतं हे पक्कं झालं तर पहिलं पाऊल पोलीस नव्हे. पहिलं पाऊल म्हणजे एक मेसेज, आणि त्याचं कारण कायद्यातच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृहअतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तिथे मालमत्ता कुणाच्या मालकीची हे पाहत नाहीत, कुणाच्या ताब्यात आहे हे पाहतात. पण आत येणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा होता हे दाखवावं लागतं. काकूंनी दार उघडून फ्रिजमध्ये वडाभाताचा डबा ठेवला, तर त्यात असा हेतू कुणाला दिसणार नाही. मात्र ‘कृपया असं येऊ नका’ असं लेखी कळवल्यानंतरही तेच घडलं, तर ‘मला वाटलं चालतं’ हा बचाव उरत नाही. मेसेज साधा असावा, कायद्याची कलमं नकोत. असा काहीसा:

‘नमस्कार काकाजी. काल १२ तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही बाहेर असताना घर उघडलं गेल्याचं दिसलं. काही काम होतं का? पुढच्या वेळी यायचं असेल तर एक दिवस आधी फोन किंवा मेसेज करा, आम्ही थांबू. आम्ही नसताना कृपया दार उघडू नये. पाणी गळणं, शॉर्टसर्किट असं काही झालं तर लगेच फोन करा, आम्ही सांगू तसं उघडा.’

यात तारीख आहे, वेळ आहे, आरोप नाही, आणि मालकाच्या खऱ्या अडचणीला वाट ठेवलेली आहे. ‘हो, टाकी बघायला आलो होतो’ असं उत्तर आलं तर तो कबुलीजबाबच झाला. स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट पुसू नये. उत्तर फोनवर आलं तर लगेच ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे...’ असा मेसेज टाकावा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्रण टाकण्याचा मोह आवरावा. त्याने पुरावा बळकट होत नाही, बदनामीची नोटीस मात्र येऊ शकते. किराया थांबवणं ही दुसरी घोडचूक. मालकाला घर खाली करून घ्यायला तेच कारण मिळतं.

दुसऱ्यांदा घडलं तर तेच सगळं पत्रावर, स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने. तिसऱ्यांदा, किंवा पहिल्याच वेळी काही चोरीला गेलं, कपड्यांना-कागदपत्रांना हात लागला, आत माणूस सापडला, तर थेट ठाण्यात. आत माणूस असेल तर आपण आत न जाता ११२. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यावी. ‘ही दिवाणी बाब आहे’ हे वाक्य ऐकायला मिळेल. शांतपणे नोंदणीकृत करार, किरायाच्या पावत्या आणि आधीचा लेखी मेसेज पुढे ठेवावा. ताबा आपला आहे हे त्यातून दिसतं. ठाण्यात अनेकदा अदखलपात्र नोंद (एनसी) करून बोळवण होते. अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून एनसीचा कागद हातात आला की काम झालं असं समजू नये. गृहअतिक्रमण हा दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्याने तो नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार वरिष्ठांकडे टपालाने पाठवता येते, आपल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, द्यायची असते. म्हणून मूळ मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवावं, कॅमेऱ्यात नवं घालावं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावं. तारखेत गोंधळ असलेलं चित्रण समोरचा वकील दोन मिनिटांत उडवतो. सोसायटीच्या जिन्यातलं चित्रण हवं असेल तर त्याच दिवशी सचिवांना लेखी अर्ज द्यावा. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, काही आठवड्यांत जुन्यावरच नवं लिहू लागते.

तक्रारीनंतर मालक चिडून पाण्याची मोटर बंद ठेवतो किंवा वीज तोडतो, हे मे महिन्यात शिक्षेहून कमी नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, मलनिस्सारण या आवश्यक सेवा मालकाला पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाहीत आणि न्यायालय त्या पूर्ववत करायला सांगू शकतं. आपण बाहेर असताना कुलूपच बदलून टाकलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. सहा महिने म्हणजे सहाच. ‘आपसात मिटेल’ म्हणून वाट पाहण्यात ते निघून जातात. कराराची मुदत संपली तरी मालकाला परस्पर कुलूप लावता येत नाही, त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं. पण मुदत संपल्यावरही बसून राहणाऱ्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हेही भांडणाच्या भरात विसरू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हेल्पलाइन १५१००.

मुलींच्या खोल्यांबाबत एक वेगळी तपासणी. खिडक्या-दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरून भिंतीवरचं घड्याळ, ॲडॉप्टर, एक्झॉस्ट फॅन, गीझरच्या मागची जागा सावकाश न्याहाळावी. लेन्स असेल तर टाचणीच्या टोकाएवढा चमकदार ठिपका परत उजळतो. अंधारात पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर इन्फ्रारेड दिवे जांभळट दिसतात. आपला फोन ते टिपतो की नाही, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासून घ्यावं. काही सापडलं तर ते काढू नये, आहे तिथेच फोटो घ्यावा, खोलीतून बाहेर पडून ११२ ला फोन करावा. इथे मात्र मेसेज-बिसेज काही नाही. न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई यांचा हा थेट गुन्हा आहे.

मालकांची काळजी सगळी खोटी नाही. कूलरची टाकी वाहून खालच्या छताला ओल येते, गॅसचा वास येतो, किरायेदार गावी आणि फोन बंद. यावर शहरातली काही घरं वापरतात तो तोडगा आम्हाला पटतो, आणि नव्या करारात तो चार ओळींत लिहिता येतो. मुख्य दाराच्या एकूण किल्ल्या तीन, हे लिहावं. दोन किरायेदाराकडे. तिसरी जाड पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर दोघांनी आडव्या सह्या करून, सह्यांवर पारदर्शक टेप लावून मालकाकडे. पाणी, आग, गॅस किंवा वीज यासाठीच ते फोडायचं. आधी फोन, फोन न लागल्यास शेजारच्या एका माणसाला सोबत घेऊन, दार उघडण्यापासून बंद करेपर्यंत मोबाइलवर चित्रण करत. बाकी कुठल्याही पाहणीला २४ तासांची सूचना, सकाळी दहा ते सायंकाळी सहा. किराया द्यायला गेल्यावर महिन्यातून एकदा ते पाकीट टेबलावर ठेवायला सांगावं. फोडलं गेलं असेल तर त्याच दिवशी नवं पाकीट, नव्या सह्या, नवी तारीख.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)
प्रतापनगर, नागपूर